वळणावरची सात मिनिटं

इलिजाला ट्राम वळते.
गोल फिरून सारायेव्होकडे तोंड करते,
आणि मग सात मिनिटं माझी.
अठरा वर्षं मी ती ओढून संपवली.
आता ती संपतच नाहीत.

आज एकोणिसावा दिवस.
रसीम पाकीट पुढे करतो, अंगठ्याने एक वर सरकवून.
आमच्याकडे असंच विचारतात, कशी आहेस म्हणून.
मी मान हलवते.
मेवलिदा, तू आजारी आहेस का?
नाही, म्हणते, म्हणूनच.
त्याला कळत नाही. मलाही पुरतं कळत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तलफ फार तर चार मिनिटांची,
तेवढी जाऊ द्यायची.
आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली,
कारण डिसेंबर होता, आणि बाहेर अख्खं शहर
डोंगरांच्या ओंजळीत तोंड खुपसून ओढत बसलं होतं.
आम्ही दोघी हसलो.
मग मी बराच वेळ खोकले.

चार मिनिटं म्हणजे पोफालिची ते ओतोका,
सिग्नल हिरवे मिळाले तर.
पोफालिचीला ती चढते, तिकीट न काढता,
केबिनच्या काचेवर टकटक करते.
पुढच्या स्टॉपला मानेवर बसते.
दोलाच माल्टाला वाटतं, मारावा ब्रेक,
उघडावीत दारं, सांगावं सगळ्यांना,
उतरा, गाडी बिघडली.
चेंगिच विलाला मी आलुबुखारची बी दाढेखाली धरते.
ओतोकाला एक म्हातारी चढते,
पिशवीतून कोबी डोकावणारी, दांडा घट्ट धरते,
आणि आरशात पाहावं तर
ती केव्हाच उतरून गेलेली.

रोज नाही.
कधी कधी पार स्तुपपर्यंत येते.
एकदा तर माझ्यासोबत घरी आली, जेवायला बसली.

रसीमला सांगायचं राहतं ते हे:
वेढ्याच्या वर्षांत बाबांचा पगार सिगारेटींचा.
नोटांना कुणी विचारत नव्हतं,
तंबाखूचा कारखाना तेवढा चालू.
बाबा स्वतः ओढत नसत. पाकिटं कपाटात,
माझ्या हिवाळी बुटांमागे, सोनं ठेवावं तशी.
एक दिलं की मेणबत्त्या,
चार दिली की तेल, तेही पाणी मिसळलेलं.
वेष्टनाला कागद उरला नव्हता,
म्हणून जुन्या पुस्तकांची पानं दुमडलेली असत.
मी नऊ वर्षांची. शाळा तळघरात, कधी असे, कधी नसे.
मी पाकिटं वाचायचे.
एकावर होतं: मधमाशी पोळ्याकडे परतली की प्रथम
आणि तिथे डिंक.
प्रथम काय?
ते पाकीट तेलाला गेलं.

बाबांना पुरून आलो त्या संध्याकाळी
कपाटामागे एक राहिलेलं सापडलं.
आत सगळा पालापाचोळा.
मी एकोणीस वर्षांची. म्हटलं, पगार आहे त्यांचा,
वाया कशाला घालवा.
पहिली ती.

तेव्हापासून हात खिशात जातो
तो चाचपायला,
घरात काही शिल्लक आहे ना.
आता खिशात बिया, किल्ली,
आणि फाटलेल्या अस्तरातून थेट मांडीला लागणारी थंडी.

आज मी रसीमला विचारलं,
तुझ्या मामाच्या मधपेट्या होत्या ना, कोन्यिचला?
परतल्यावर मधमाशी प्रथम काय करते?
त्याने धूर बाजूला सोडला, माझ्यावर येऊ नये म्हणून,
हे तो हल्लीच शिकलाय.
म्हणाला, ती काही करत नाही.
दारावरच्या तिला हुंगतात.
परका वास आला तर आत घेत नाहीत.

एवढंच?
एवढंच. मामा तरी असंच सांगायचा.

मी कोटाची बाही नाकाशी नेली.
अजून येतोय.
घड्याळात एक मिनिट बाकी होतं.
मी वर चढले, घंटा दिली,
आणि दारं लावण्याआधी
ती थोडा वेळ उघडीच राहू दिली.